पांढऱ्या टोपीपर्यंत: अमेरिकन फुटबॉलचा पंच व्हायचे असेल तर

टीव्हीवर माइक लावून निर्णय सांगणारा पांढऱ्या टोपीचा माणूस म्हणजे रेफरी. बाकी सगळ्यांच्या टोप्या काळ्या, आणि नियमांच्या भाषेत ते रेफरी नव्हेत. कबड्डी खेळलेल्याला हे लगेच उमगेल: मैदानावर पंच अनेक, सरपंच एक. इथे सरपंचाला रेफरी म्हणतात आणि सगळ्यांना मिळून ऑफिशियल्स. त्यातल्या एका पंचाच्या पदाचे नावच अंपायर आहे, पण क्रिकेटच्या अंपायरशी त्याचा काही संबंध नाही. हायस्कूलच्या खेळात तो बचावफळीच्या मागे, ऐन गर्दीत उभा राहून समोरच्या लाइनमधली धरपकड पाहतो. त्या जागी धडक बसण्याची भीती एवढी, की एनएफएल या अमेरिकेच्या मुख्य व्यावसायिक लीगने २०१० मध्ये अंपायरला तिथून उचलून आक्रमक संघाच्या मागे नेले.

एनएफएलच्या सामन्यात ७ पंच असतात: रेफरी, अंपायर, डाऊन जज, लाइन जज, फील्ड जज, साइड जज आणि बॅक जज. कॉलेजच्या वरच्या पातळीवर सेंटर जज हा आठवा. हायस्कूलच्या मुख्य संघाच्या, म्हणजे व्हर्सिटीच्या सामन्याला बहुतेक ठिकाणी ५. नवशिक्याची सुरुवात होते ती लहान मुलांच्या किंवा ज्युनियर व्हर्सिटीच्या, म्हणजे शाळेच्या दुसऱ्या फळीच्या संघाच्या, सामन्यांत, आणि तिथे ३ किंवा ४ जणांत भागवावे लागते.

एनएफएलमध्ये १७ क्रू आहेत, प्रत्येकी ७ जणांचे. म्हणजे सगळ्या देशात हे काम सव्वाशेच्या आत-बाहेर माणसांना मिळते. त्यासाठी किमान १० वर्षांचा पंचगिरीचा अनुभव मागतात, आणि त्यातली ५ वर्षे कॉलेजच्या किंवा तशाच व्यावसायिक पातळीवरची. तेव्हा पहिली चार-पाच वर्षे एनएफएल हा विषयच बाजूला ठेवावा. पुढचे सगळे हायस्कूलच्या मैदानापासून सुरू होते.

व्हिसा आधी, शिट्टी नंतर

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकाला पहिले पाऊल इथेच टाकावे लागते. पंचाला प्रत्येक सामन्याचे मानधन मिळते आणि तो शाळेचा नोकर नसतो, स्वतंत्र कंत्राटदार असतो. एच-१बी व्हिसावर तुम्हाला फक्त तुमच्या कंपनीचे काम करण्याची परवानगी असते, त्यामुळे शनिवारचे ६० डॉलरसुद्धा अडचणीत आणू शकतात. 'पैसे घेणार नाही, फुकट करतो' ही पळवाट सुरक्षित नाही. ज्या कामाचे इतरांना पैसे मिळतात ते फुकट केले तरी ती नोकरी धरली जाऊ शकते. आधी वकिलाला विचारा. ग्रीन कार्ड, नागरिकत्व किंवा काम करण्याचा स्वतंत्र परवाना असेल तर हा प्रश्नच येत नाही.

एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्यांसाठी मात्र एक चांगली वाट आहे. बहुतेक मोठ्या विद्यापीठांत वसतिगृहे आणि विभागांच्या आपसातल्या स्पर्धा चालतात, त्यांना इंट्राम्युरल म्हणतात, आणि त्यातल्या फ्लॅग फुटबॉलला (खेळाडूला पाडण्याऐवजी त्याच्या कमरेची पट्टी ओढायचा खेळ) पंच म्हणून विद्यार्थ्यांनाच नेमतात. हे विद्यापीठाच्या आवारातले काम असल्याने सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांच्या मर्यादेत करता येते. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून खात्री करून घ्या. कॉलेज फुटबॉलचे बरेच पंच या इंट्राम्युरलमधूनच वर आले आहेत, तेव्हा ही वाट कमी प्रतीची समजू नका.

संघटना गाठा, आणि वेळेत गाठा

हंगाम ऑगस्टच्या शेवटी सुरू होतो आणि नोव्हेंबरमध्ये संपत येतो. ऑगस्टमध्ये चौकशी करणारा एक वर्ष गमावतो. फेब्रुवारी ते मे या काळात राज्याच्या हायस्कूल क्रीडा संघटनेच्या संकेतस्थळावर ऑफिशियल्सचे पान शोधा (न्यू जर्सीत एनजेएसआयएए, कॅलिफोर्नियात सीआयएफ, टेक्सासात यूआयएल) आणि तिथून आपल्या भागातल्या पंच संघटनेचा पत्ता काढा. नोंदणी शुल्क, गुन्हेगारी पार्श्वभूमीची तपासणी आणि पुस्तक उघडे ठेवून द्यायची नियमांची परीक्षा, एवढे जवळपास सगळीकडे असते. जून-जुलैत वर्ग, ऑगस्टच्या मध्याला सराव सामने. सराव सामन्यांना पैसे मिळत नाहीत, तरी एकही चुकवू नका. तिथे खेळ थांबवून शिकवतात. खऱ्या सामन्यात कोणी थांबणार नाही.

ही मंडळी तुम्हाला दारात उभे करतील का, ही शंका मनातून काढा. देशभर पंचांची टंचाई आहे. पुरेसे क्रू मिळत नाहीत म्हणून अनेक भागांत शुक्रवारचे व्हर्सिटी सामने गुरुवारी किंवा शनिवारी हलवावे लागतात.

एक अडचण मात्र आधीच तपासा. लहान मुलांचे सामने शनिवार-रविवारी असले तरी ज्युनियर व्हर्सिटीचे सामने आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी ४-५ वाजता असतात, आणि शिकण्याची खरी जागा तीच. साडेतीनला ऑफिसातून निघता येत नसेल तर पहिल्या हंगामात जेमतेम निम्मे काम मिळेल. सामने वाटून देणाऱ्याला असाइनर म्हणतात. आर्बिटर नावाच्या संगणकप्रणालीवर तुमच्या मोकळ्या तारखा भरलेल्या असल्या की तो तिथूनच नेमणूक पाठवतो. स्वीकारलेला सामना आयत्या वेळी सोडलात, तर पुढच्या वर्षी व्हर्सिटीसाठी नाव घेताना असाइनरला तेच आधी आठवते.

पिशवीत काय हवे

काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट, अर्ध्या बाह्यांचा आणि पूर्ण बाह्यांचा, दोन्ही. पट्टीची रुंदी आणि बाहीवरचा झेंडा राज्याप्रमाणे बदलतो, म्हणून संघटनेला विचारल्याशिवाय विकत घेऊ नका. बाजूला पांढरी पट्टी असलेली काळी पँट, काळा पट्टा, पूर्ण काळे बूट. बुटाला एक पांढरी रेघ असली तरी पहिल्याच दिवशी कोणीतरी टोकतो. काळी टोपी मापाची घ्यावी, मागे प्लास्टिकची पट्टी असलेली नको. दोन पिवळे फ्लॅग (फाऊल झाला की टाकायचे फडके), दोन बीन बॅग (जागा खुणावण्याच्या छोट्या पिशव्या), दोन शिट्ट्या, घड्याळ, नोंदीचे कार्ड आणि पेन्सिल. पावसात पेन दगा देते. सगळे मिळून साधारण २०० ते ३०० डॉलर लागतात आणि पहिल्या महिन्या-दीड महिन्याच्या मानधनात निघून येतात. अनेक संघटनांत निवृत्त पंचांचे जुने कपडे पडून असतात. मागायला लाजू नका.

शिट्टी आत गोळी नसलेली घ्या. गोळीची शिट्टी थंडीत आणि पावसात अडकते. रॉन फॉक्सक्रॉफ्ट या कॅनडाच्या बास्केटबॉल पंचाने याच वैतागातून फॉक्स ४० काढली आणि १९८७ पासून ती सगळीकडे पोचली. नवशिक्याने गळ्यात अडकवायच्या शिट्टीपेक्षा बोटात घालायची घ्यावी. गळ्यातली शिट्टी सवयीने तोंडात राहते आणि दचकलात की वाजते. बोटातली तोंडापर्यंत न्यायला अर्धा सेकंद लागतो, आणि तेवढ्यात डोके ताळ्यावर येते.

सगळ्यात स्वस्त वस्तू सगळ्यात महत्त्वाची: डाऊन, म्हणजे आक्रमक संघाचा एकेक प्रयत्न, मोजायचा इलॅस्टिकचा पट्टा. त्याचे एक टोक मनगटाभोवती बसते, दुसरे बोटात अडकवायचे. पहिला डाऊन असेल तर तर्जनीत, दुसरा मधल्या बोटात, तिसरा अनामिकेत, चौथा करंगळीत. डाऊन संपला की हात न पाहता पट्टा पुढच्या बोटात सरकवायचा. आक्रमक संघाला १० यार्ड काढायला चारच डाऊन मिळतात, त्यामुळे हा आकडा चुकला की सगळा सामनाच चुकतो. ६ ऑक्टोबर १९९० रोजी कोलोरॅडो आणि मिसुरी या विद्यापीठांच्या सामन्यात शेवटच्या मिनिटात नेमके हेच झाले. दुसऱ्या डाऊननंतर टाइमआऊट घेतला गेला, त्या गडबडीत काठीवरचा डाऊनचा आकडा बदलायचा राहिला, सात पंचांपैकी कोणाच्याच लक्षात आले नाही, आणि कोलोरॅडोने पाचव्या डाऊनवर टचडाऊन करून सामना ३३-३१ असा जिंकला. म्हणून टाइमआऊट झाला की प्रत्येक पंचाने बोट तपासायचे आणि डाऊनचा आकडा मोठ्याने म्हणायचा. 'दुसऱ्याला माहीत असेल' हे वाक्य या कामात चालत नाही.

दुसऱ्या हातातही तसाच एक पट्टा ठेवतात. स्नॅपच्या वेळी (चेंडू मागे देऊन खेळ सुरू होतो तेव्हा) चेंडू डाव्या हॅशवर (मैदानाच्या मधल्या भागाच्या कडेच्या खुणांवर) होता, मध्ये होता की उजव्या हॅशवर, हे त्यावरून कळते. पास वाया गेला की चेंडू परत तिथेच न्यायचा असतो.

नियमाचे पुस्तक कसे वाचावे

हायस्कूलचे नियम एनएफएचएस ही राष्ट्रीय संघटना छापते; टेक्सासमध्ये मात्र शाळासुद्धा कॉलेजचे नियम वापरतात. पहिल्या पानापासून कादंबरीसारखे वाचायला बसलात तर आठ दिवसांत कंटाळाल. आधी व्याख्यांचा नियम, म्हणजे नियम क्रमांक २. त्यातले शब्द कायद्यातल्या शब्दांसारखे आहेत. 'फंबल' आणि 'मफ' यांतला फरक कळला नाही तर पुढची दहा पाने अंधारात जातात: हाती आलेला चेंडू सुटला तर फंबल, हाती येण्याआधीच निसटला तर मफ.

सगळ्यात जास्त घोटाळा टीव्ही पाहून शिकलेल्यांचा होतो. एनएफएलमध्ये कॅच पुरा व्हायला दोन्ही पाय मैदानात टेकावे लागतात, शाळेत आणि कॉलेजात एक पुरतो. एनएफएलमध्ये कोणी न पाडता पाय घसरून पडलेला खेळाडू कोणी हात लावेपर्यंत उठून पळू शकतो. शाळेत गुडघा टेकला की चेंडू मेला. बचावाच्या खेळाडूने पास अडवताना अडथळा आणला तर एनएफएलमध्ये चेंडू थेट त्या जागी जातो आणि नवा पहिला डाऊन मिळतो. शाळेत १५ यार्ड, आणि २०१३ पासून आपोआप पहिला डाऊनही नाही. स्नॅपच्या आधी बचावपटूने रेषा ओलांडली तर एनएफएलमध्ये त्याला परत मागे यायला वाव असतो. शाळेत ते तिथल्या तिथे फाऊल, शिट्टी, ५ यार्ड. प्रेक्षकांतले बाप एनएफएलचेच नियम ओरडत असतात, त्यामुळे तुमच्या डोक्यात ते आधीच पुसलेले असले पाहिजेत.

दंडाचे आकडे तीनच, ५, १० आणि १५. वेळेच्या आणि जागेच्या चुकांना ५, होल्डिंगला (धरून अडवण्याला) १०, अंगावर जाण्याला १५. कठीण आहे ते दंड कुठून मोजायचा हे. शाळेच्या नियमांत त्यासाठी 'ऑल बट वन' हे सूत्र आहे: ठरलेल्या मूळ जागेपासून मोजा, फक्त आक्रमक संघाने त्या जागेच्या मागे केलेला फाऊल जिथे झाला तिथून मोजा. २०२३ पासून मात्र स्नॅपच्या रेषेमागे झालेले आक्रमक संघाचे बहुतेक फाऊल स्नॅपच्या जागेपासूनच मोजतात. अपवाद दरवर्षी सरकतात, म्हणून मागच्या वर्षीचे पुस्तक कोणी फुकट दिले तरी त्यावर अभ्यास करू नका.

रोज १५ मिनिटे, एक नियम, आणि त्यावरची दोन उदाहरणे केसबुकातून. यापेक्षा जास्त वाचलेले मैदानावर आठवत नाही.

चेंडू पाहायचा नाही

पाच जणांच्या क्रूमध्ये रेफरी क्वार्टरबॅकच्या, म्हणजे पास फेकणाऱ्याच्या, मागे १२ ते १४ यार्डांवर, त्याच्या फेकीच्या हाताच्या बाजूला. अंपायर बचावफळीमागे साधारण ७ यार्डांवर. लाइन्समन (एनएफएलमध्ये त्यालाच डाऊन जज म्हणतात) आणि लाइन जज दोन्ही साइडलाइनवर, स्नॅपच्या रेषेत. बॅक जज २० यार्डांच्या आसपास खोल. नवशिक्याला बहुधा साइडलाइन मिळते, म्हणून तिथला एक डाऊन सावकाश पाहू.

चेंडू ठेवला गेला. तुमचा पाय रेषेवर, नजर रेषेच्या कडेने सरळ पलीकडच्या जोडीदारापर्यंत. कोणी आधीच सरकले का? तुमच्या बाजूचा रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, रेषेवर आहे की मागे? मागे असेल तर हात मागे करून पलीकडच्याला खूण. आक्रमकांच्या मागच्या फळीतला एखादा खेळाडू चालत असेल, तर तो स्नॅपच्या क्षणी पुढे जात नाही ना, हे पाहा. स्नॅप झाला. पहिला सेकंद-दीड सेकंद फक्त तुमच्या वाट्याचा रिसीव्हर आणि त्याच्यासमोरचा बचावपटू. ते दोघे एकमेकांना काय करतात तेवढेच. चेंडू कुठे आहे ते तुम्हाला या क्षणी ठाऊक नसेल, आणि तसेच असायला हवे. धावणारा तुमच्या बाजूला आला तर पुढे धावू नका. दोन पावले मागे, साइडलाइनच्या बाहेर सरका आणि खेळ तुमच्या पुढून जाऊ द्या, मग मागून या. त्याच्या पुढे पळालात तर पाठीमागे झालेला प्रत्येक धक्का हुकतो आणि कधी ना कधी तुम्हीच पाडले जाता. तो पाडला गेला. सगळ्यात पुढे पोचलेली जागा धरा, तो मागे ढकलला गेला ती नव्हे. त्या जागेवर मैदानाच्या पुढच्या अंगाचा पाय रोवा. मगच चेंडू दिसतो का पाहा, दिसला तर शिट्टी. आणि शिट्टीनंतरचे दोन-तीन सेकंद मान खाली घालू नका. भांडणे तेव्हाच होतात.

नवीन माणसाची हमखास चूक म्हणजे चेंडूमागे नजर धावणे. प्रेक्षक म्हणून दहा-वीस वर्षे तीच सवय लागलेली असते, आणि ती मोडायला एक अख्खा हंगाम लागतो. घरी टीव्हीवर सामना पाहताना मुद्दाम फक्त लाइनमधला उजवा टॅकल हा खेळाडू किंवा कडेचा एकच रिसीव्हर पाहत बसा. घरच्यांना कंटाळा येईल. तुम्हाला हळूहळू होल्डिंग दिसायला लागेल.

स्नॅपच्या आधी खेळाडू मोजणे हेही प्रत्येक वेळी. रेफरी आणि अंपायर आक्रमक संघ मोजतात, बॅक जज बचावाचा. अकरा भरले की मूठ पुढे धरून एकमेकांना खूण. एक एक करून अकरा मोजण्यापेक्षा लाइनमधले पाच गृहीत धरून बाकीचे सहा मोजणे जलद होते. पाच खरोखरच पाच आहेत ना, एवढे मात्र पाहून घ्या.

शिट्टी आणि फ्लॅग

शिट्टी खेळ मारते. चुकीच्या क्षणी वाजली की खेळ तिथेच मेला, मग पुढे मुलगा ६० यार्ड मोकळा पळत का असेना. हातात चेंडू देण्याचे सोंग करून क्वार्टरबॅक तो मांडीमागे लपवतो, ढिगात भलताच मुलगा पडतो, पंच शिट्टी फुंकतो, आणि खरा चेंडू दुसऱ्या बाजूने पळत असतो. प्रत्येक संघटनेत ही गोष्ट दर हंगामात कोणाच्या तरी बाबतीत घडते. उपाय एकच, चामडे दिसल्याशिवाय फुंकू नका. चुकून वाजलीच तर लपवू नका. रेफरीकडे जा, सांगा. त्यासाठी नियम आहे: चेंडू ज्याच्या ताब्यात होता त्या संघाला खेळ तिथेच संपल्याचे मान्य करता येते किंवा तो डाऊन पुन्हा खेळता येतो.

फ्लॅगबाबत पहिल्या वर्षी दोन टोके दिसतात. काही जण टाकतच नाहीत, काही जण पहिल्या क्वार्टरमध्येच मैदान पिवळे करतात. होल्डिंगसाठी ठोकताळा असा: पकड खेळ जिथे चालला आहे तिथे होती का, आणि तिच्यामुळे बचावपटू खरोखर अडला का? दोन्हींचे उत्तर हो असेल तर टाका. दूरच्या बाजूला, खेळाशी संबंध नसताना कोणी जर्सी धरली तर पुढच्या डाऊनआधी त्या मुलाला 'चौसष्ट, हात आत' एवढे सांगितले की बहुतेक वेळा काम होते. सुरक्षिततेच्या फाऊलला ही सवलत नाही. डोके खाली घालून दिलेली धडक, हेल्मेटची जाळी ओढणे, पास गेल्यावर क्वार्टरबॅकला आपटणे, हे कुठेही झाले तरी फ्लॅग.

टाकताना: जागा महत्त्वाची असेल तर त्या जागेच्या दिशेने, नसेल तर वर हवेत. कोणाच्या अंगावर कधीच नाही. १९९९ मध्ये क्लीव्हलँड ब्राउन्सच्या ऑर्लंडो ब्राउनच्या उजव्या डोळ्यात छर्रे भरून जड केलेला फ्लॅग बसला आणि तो तीन हंगाम खेळू शकला नाही. फ्लॅग हवेत असतानाच रंग आणि नंबर तोंडाने म्हणा: 'निळा, बावन्न, होल्ड'. खेळ संपेपर्यंत म्हणत राहा. रेफरीकडे जाऊन पाच गोष्टी सांगायच्या: कोणता फाऊल, कोणता संघ, कोणता नंबर, चेंडू तेव्हा जिवंत होता का आणि कोणाकडे, खेळ कुठे संपला. नंबर आठवत नाही म्हणून फ्लॅग उचलून खिशात घालणारा पंच क्रूचा विश्वास एका दिवसात घालवतो. आठवत नसेल तर तसे सांगा, दंड तरीही लागतो.

हातांच्या खुणा आरशासमोर शिका. खोटी सुरुवात: दोन्ही हात एकमेकांभोवती फिरवणे. ऑफसाइड: हात कमरेवर. होल्डिंग: एका हाताने दुसरे मनगट धरणे. उशीर: हातांची घडी. खूण छातीच्या उंचीवर, कोपर अंगाला न चिकटवता, दोन-तीन सेकंद धरून ठेवायची. घाईत केलेली खूण चोरट्यासारखी दिसते आणि बरोबर निर्णयावरही ओरडा होतो.

चेन

लाइन्समनच्या नशिबी चेन येते. दोन काठ्या, मध्ये १० यार्डांची साखळी, आणि डाऊनचा आकडा दाखवणारी तिसरी काठी. ती धरणारे बहुधा यजमान शाळेचे पालक किंवा माजी विद्यार्थी असतात, म्हणजे यजमान संघाचे चाहते. सामन्याआधी पाच मिनिटे त्यांच्याशी बोला: माझ्या खुणेशिवाय हलू नका, खेळ अंगावर आला तर काठी टाकून मागे पळा, आणि आरडाओरडा नको.

पहिला डाऊन झाला की साखळीवर एक चिमटा लावतात. मागच्या काठीला सगळ्यात जवळची ५ यार्डांची रेघ शोधायची आणि तिच्या मागच्या कडेशी साखळीचा जो बिंदू येतो तिथे चिमटा. मोजणी मागवली की लाइन्समनने चिमट्यापाशी साखळी स्वतः घट्ट धरायची, चेंडूच्या सरळ रेषेत मैदानात जायचे आणि चिमटा पुन्हा त्याच रेघेच्या त्याच कडेवर टेकवायचा. मग पुढची काठी ताणतात. चिमटा विसरलात तर मागची काठी नेमकी कुठे होती हे कोणीच सांगू शकत नाही, आणि दोन इंचांच्या वादात दोन्ही प्रशिक्षक तुमच्यासमोर उभे राहतात.

प्रशिक्षक

साइडलाइनवरचा पंच सगळा वेळ एका प्रशिक्षकाच्या शेजारी उभा असतो. प्रश्नाला उत्तर द्या, शेऱ्याला देऊ नका. 'ते होल्डिंग नव्हतं का?' याला 'मी रिसीव्हरकडे पाहत होतो कोच, अंपायरला सांगतो' हे खरे आणि पुरेसे उत्तर आहे. चुकला असाल तर 'माझं चुकलं' एवढेच म्हणा. बहुतेक प्रशिक्षक त्यावर गप्प होतात. भरपाई म्हणून दुसऱ्या संघावर फ्लॅग टाकलात तर ते व्हिडिओत दिसते. जवळपास प्रत्येक शाळा सामना हडल या व्हिडिओ संकेतस्थळावर चढवते. तुम्हीही आपले डाऊन मागवून पाहा, पण निर्णयाआधी पाय पाहा. चुकीच्या निर्णयांमागे बहुतेक वेळा चुकीची उभे राहण्याची जागा असते.

वरच्या पायऱ्या

लहान मुले आणि ज्युनियर व्हर्सिटीत दोन-तीन वर्षे, मग एखाद्या व्हर्सिटी क्रूमध्ये कायमची जागा. व्हर्सिटीचे मानधन राज्याप्रमाणे बदलते, पण एका सामन्याला १०० डॉलरच्या आसपास धरून चाला. त्यातून पेट्रोल जाते आणि कर तुम्हालाच भरायचा असतो. प्रत्येक फेरीचे मैल लिहून ठेवा. एनएएसओ या पंचांच्या राष्ट्रीय संघटनेच्या सदस्यत्वात दायित्व विमा मिळतो. शाळेच्या मैदानावर मूल जखमी होऊन वकिलाचे पत्र आले तर त्याची किंमत कळते.

कॉलेजमध्ये अर्ज करून वाट पाहत बसणाऱ्याला फारसे काही मिळत नाही. उन्हाळ्यातल्या शिबिरांना स्वतःच्या खर्चाने जावे लागते. तिथे कॉन्फरन्सचे, म्हणजे कॉलेजांच्या लीगचे, पंच-समन्वयक नवे चेहरे हेरत असतात. धावताना कसे दिसता, पोट सुटले आहे का, नियम किती पक्के, चुकीनंतर चेहरा कसा राहतो, हे सगळे ते पाहतात. सुरुवात ज्युनियर कॉलेज किंवा डिव्हिजन तीनमधून, मग दोन, मग एक. मोठ्या कॉन्फरन्सचा समन्वयक बहुधा एखाद्या छोट्या कॉन्फरन्सचीही नेमणूक पाहतो, तेव्हा छोटीत शिरलात तर मोठीच्या नजरेत आलात. याच टप्प्यावर एकच जागा पक्की करा. 'मी कुठेही उभा राहीन' हे शाळेत गुण, कॉलेजात अडचण.

एनएफएल स्वतःच कॉलेजचे पंच वर्षानुवर्षे पाहत असते. मग मुलाखती, मानसिक चाचणी, पैशाच्या व्यवहारांपर्यंत पार्श्वभूमीची तपासणी. सट्ट्याशी दूरचा संबंधही चालत नाही. २०१२ च्या करारात सरासरी मानधन २०१९ पर्यंत वर्षाला २,०५,००० डॉलरवर नेण्याचे ठरले होते. तो करार झाला तोही एका वादानंतर: पंचांना कामाबाहेर ठेवून लीगने बदली पंच उभे केले, २४ सप्टेंबरला सिएटल आणि ग्रीन बे यांच्या सामन्यात शेवटच्या पासवर दोन पंचांनी शेजारी उभे राहून दोन वेगळ्या खुणा केल्या, आणि दोन दिवसांत तडजोड झाली.

भारतात राहून सुरुवात करणाऱ्यासाठी फ्लॅग फुटबॉल हेच खरे दार. त्यात टॅकल नाही, कमरेची पट्टी ओढायची. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये तो खेळ आहे, आणि हा निर्णय ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अधिवेशनात झाला. त्याच दिवशी क्रिकेटही आत आले, म्हणून आपल्याकडच्या बातम्यांत फ्लॅग फुटबॉल शेवटच्या ओळीत गेला. त्याचे नियम वेगळे आहेत, पण नजर, जागा, बोटातला पट्टा तेच.

एनएफएलमध्ये पोचल्यावरही बहुतेकांची दुसरी नोकरी सुटत नाही. एड हॉकुली वकील होते, वॉल्ट अँडरसन दंतवैद्य, माया चाका व्हर्जिनियात शाळेत आरोग्य आणि शारीरिक शिक्षण शिकवत होत्या. रविवारच्या सामन्यासाठी आदल्या दिवशी गावात हजर राहायचे, क्रूची बैठक करायची, मागच्या सामन्याची फीत पाहायची. सामन्यानंतर लीगचे कार्यालय प्रत्येक डाऊन तपासते, तुम्ही टाकलेला फ्लॅग आणि न टाकलेला फ्लॅग दोन्ही, आणि गुण देते. प्लेऑफची नेमणूक त्या गुणांवर ठरते आणि सुपर बोल या अंतिम सामन्यासाठी वर एनएफएलचा किमान ५ वर्षांचा अनुभव लागतो. सारा थॉमस १९९६ मध्ये मिसिसिपीत पंचांच्या बैठकीला पहिल्यांदा गेल्या, २०१५ मध्ये एनएफएलमध्ये आल्या, आणि ७ फेब्रुवारी २०२१ रोजी सुपर बोलमध्ये डाऊन जज म्हणून चेनवाल्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या.